रंग आला, पण प्रथिन आहे काय?

रुग्णाच्या लघवीतून प्रथिन जाते की नाही, हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. परीक्षानळीत पाऊण उंचीपर्यंत लघवी घ्यावयाची, तळाशी धरून नळीचा वरचा भाग दिव्याच्या ज्योतीवर तापवावयाचा आणि तेथे पांढुरका ढग जमतो काय ते पाहावयाचे. उष्णतेने अंड्याचा पांढरा भाग जसा गोठतो, तसेच लघवीतील प्रथिन गोठते व गढूळपणा दिसू लागतो. रीत सोपी आहे, खर्च जवळजवळ नाही, आणि खेड्यापाड्यांतील दवाखान्यांत तिने पिढ्यान्‌पिढ्या काम दिले आहे. गरोदर स्त्रीचा रक्तदाब वाढलेला असताना तिच्या लघवीत हा ढग दिसला, तर तो धोक्याचा इशारा ठरतो, आणि तो वेळेवर ओळखण्यावर कधी कधी दोन जिवांचे भवितव्य अवलंबून असते.

परंतु या सोप्या रीतीत एक फसगत दडलेली आहे. लघवीत विरघळलेले फॉस्फेट नावाचे क्षारही तापविल्यावर साक्याच्या रूपाने बाहेर पडतात आणि तसाच पांढरा ढग निर्माण करतात. नुसत्या डोळ्यांना या दोन ढगांत भेद दिसत नाही. तो भेद दाखविण्यासाठी नळीत विरल ॲसेटिक आम्लाचे थोडे थेंब टाकावे लागतात. ढग फॉस्फेटचा असेल तर विरघळून जातो. प्रथिनाचा असेल तर टिकून राहतो. ज्याने ते थेंब टाकले नाहीत, त्याने ढग पाहिला हे खरे. पण प्रथिन पाहिले असे त्यास म्हणता येणार नाही.

जीवरसायनशास्त्राच्या पदवी वर्गाला प्रथिन ओळखण्याचे प्रयोग शिकविताना जे खरोखर शिकवावयाचे असते, ते या थोड्या थेंबांतच आहे. कोणती द्रव्ये किती मिसळावीत आणि कोणता रंग यावा, हे पुस्तकात छापलेले असते व हुशार विद्यार्थी ते एका रात्रीत पाठ करतो. प्रत्येक परीक्षा नेमका कोणता प्रश्न विचारते, आणि आपणास जो प्रश्न पडला आहे तो त्याहून वेगळा तर नाही ना, हे ओळखण्याची सवय मात्र प्रयोगशाळेतील मेजाशी उभे राहूनच लागते.

हा विषय समजून घेण्यास बडोदे, म्हणजेच वडोदरा, हे शहर मोठे सोयीचे आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत येथे १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झाले आणि १८९० साली कलाभवनाची स्थापना झाली. कलाभवनाचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्राचे अध्यापक. कापड रंगविण्याची कला शास्त्रीय पायावर शिकवावी, हा त्यांचा ध्यास होता. पुढे १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेंबिक हा औषधी व रसायनांचा कारखाना उभा राहिला. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, व कॉलेज आणि कलाभवन ही दोन्ही त्यात सामावली गेली. याच विद्यापीठात १९५५ साली जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग उभारण्याचे काम सी. व्ही. रामकृष्णन यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांनी वयाची तिशीही गाठलेली नव्हती. त्यांच्या पत्नी आर. राजलक्ष्मी यांनीही येथेच पोषणशास्त्रात दीर्घकाळ संशोधन केले. आहारात प्रथिन कमी पडले तर वाढत्या प्राण्याच्या मेंदूवर व शिकण्याच्या शक्तीवर काय परिणाम होतो, यासंबंधी पांढऱ्या उंदरांवर केलेले त्यांचे प्रयोग १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले.

या प्रयोगांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. भारतातील कोट्यवधी मुलांच्या ताटात प्रथिन पुरेसे आहे की नाही, हा प्रश्न भावनेने सुटणारा नव्हता. ताटातील प्रथिन मोजले पाहिजे, उंदराच्या खाद्यातील प्रथिन मोजले पाहिजे, त्याच्या मेंदूतील प्रथिन मोजले पाहिजे; आणि त्या मोजणीत चूक झाली तर पुढील सर्व विद्वत्ता वाळूवरील इमारत ठरते. पोषणाच्या शास्त्राचा पाया अशा रीतीने परीक्षानळीत घातलेला असतो.

आता प्रथिन म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. अमिनो आम्ले नावाचे लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन लांब साखळी बनते, व ती विशिष्ट रीतीने घड्या घालून प्रथिनाचे रूप धारण करते. साखळीचे मणी वीस प्रकारचे, आणि दोन मण्यांना जोडणाऱ्या कडीला पेप्टाइड बंध असे नाव आहे. दुधातील केसीन, अंड्यातील अल्ब्युमिन, रक्तातील हिमोग्लोबिन, लोकरीतील केराटिन ही सर्व प्रथिनेच. परंतु त्यांतील मण्यांचे प्रमाण व क्रम निरनिराळे. म्हणून ‘प्रथिन’ ही वस्तू एकसारखी नाही, आणि सर्व प्रथिनांना सारख्याच रीतीने ओळखील अशी परीक्षाही नाही. एखादी परीक्षा कडी ओळखते, एखादी विशिष्ट मणी ओळखते, एखादी साखळीचे मोकळे टोक ओळखते. जुन्या काळी पागोट्यावरून माणसाचे गाव व जात ओळखीत. ती ओळख बहुधा खरी ठरे. परंतु पुणेरी पगडी घालणारा प्रत्येक जण पुण्याचाच असे, असे नव्हे. रासायनिक परीक्षांचेही तसेच आहे.

विद्यार्थ्यांच्या मनावर हे ठसविण्यासाठी एक साधा पाठ फार उपयोगी पडतो. वर्गातील प्रत्येक जोडीपुढे चार परीक्षानळ्या ठेवावयाच्या. त्यांवर केवळ क्रमांक असावेत, नावे नसावीत. पहिलीत पाणी घालून विरल केलेला व गाळून घेतलेला अंड्याचा पांढरा भाग. दुसरीत जिलेटिनचे विरल द्रावण. तिसरीत ग्लायसीन या एकट्या अमिनो आम्लाचे द्रावण. आणि चौथीत नुसते ऊर्ध्वपातित पाणी. चारही द्रावणे डोळ्यांना जवळजवळ सारखीच नितळ दिसतात. ‘यांपैकी कोणत्या नळीत प्रथिन आहे?’ एवढाच प्रश्न फळ्यावर लिहावयाचा.

पहिली परीक्षा बायुरेटची. नळीतील द्रावणात कॉस्टिक सोड्याचे द्रावण मिसळून त्यात मोरचुदाच्या अगदी विरल द्रावणाचे थोडे थेंब टाकावयाचे. अल्कधर्मी द्रावणात तांब्याचा अणू पेप्टाइड बंधांमधील नत्राशी जोडला जातो आणि निळ्या रंगाऐवजी जांभळी छटा उमटते. पहिल्या व दुसऱ्या नळीत जांभळा रंग येतो. तिसरी व चौथी निळ्या छटेवरच राहतात. ग्लायसीन हा एकटा मणी. त्यात कडीच नाही, तर तांबे धरणार कोणाला? गंमत अशी की, या परीक्षेस जिचे नाव मिळाले ती बायुरेट ही वस्तू स्वतः प्रथिन नव्हे. युरिया तापविला असता ती तयार होते. तिच्यात तसेच बंध असल्यामुळे तीही जांभळा रंग देते, म्हणून हे नाव पडले. म्हणजे परीक्षेच्या नावातच तिची मर्यादा लिहून ठेवलेली आहे.

येथे नवख्या विद्यार्थ्याच्या हातून हमखास एक चूक होते. रंग चांगला गडद यावा या हौसेने तो मोरचूद अधिक टाकतो. मग ताम्र हायड्रॉक्साइडचा निळा साका पडतो व त्याखाली जांभळी छटा पार बुडून जाते. अशा वेळी अध्यापकाने नळी ओतून देऊन दुसरी करावयास सांगू नये. ती नळी तशीच ठेवून शेजारी योग्य प्रमाणाची दुसरी नळी करावयास लावावी. दोन्ही समोरासमोर पाहिल्यावर विद्यार्थी जे शिकतो, ते शंभर वेळा बजावूनही शिकत नाही.

दुसरी परीक्षा निनहायड्रिनची. १९१० साली सिगफ्रीड रूहेमान या रसायनज्ञाने या द्रव्याचा शोध लावला. निनहायड्रिन घालून द्रावण तापविले की मोकळ्या अमिनो गटाशी त्याची क्रिया होऊन गडद जांभळा रंग येतो. आता चमत्कार पाहा! बायुरेटमध्ये कोरी राहिलेली तिसरी नळी येथे सर्वांत गडद होते. पहिल्या दोघींत रंग येतो, पण फिकट. ज्या विद्यार्थ्याने केवळ हीच परीक्षा केली, तो ठामपणे लिहील की सर्वांत अधिक प्रथिन तिसऱ्या नळीत आहे. वस्तुतः तेथे प्रथिनाचा लवलेशही नाही. लांब साखळीत बहुतेक अमिनो गट कडीत गुंतून पडलेले असतात, म्हणून खऱ्या प्रथिनाचा रंग फिकट. ग्लायसीनचा प्रत्येक रेणू मोकळा, म्हणून त्याचा रंग गडद. तात्पर्य, रंग गडद आला यावरून प्रथिन अधिक, हा निष्कर्ष परीक्षा कोणती हे पाहिल्याशिवाय काढता येत नाही. याच निनहायड्रिनचा थेंब बोटावर पडला तर कातडी जांभळी होते व तो डाग काही दिवस जात नाही. हातमोजे का घालावेत, याचे याहून चांगले व्याख्यान कोणते?

‘आहे की नाही’ येथून ‘किती आहे’ या प्रश्नाकडे वळले म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती लोवरीची पद्धत येते. अमेरिकेतील सेंट लुई येथे ऑलिव्हर लोवरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली ती प्रसिद्ध केली. हा निबंध विज्ञानाच्या साऱ्या वाङ्मयात सर्वाधिक वेळा उल्लेखिला गेलेला मानतात. उल्लेखांची संख्या तीन लाखांच्या वर आहे. बायुरेटला मिलिग्रॅमच्या मापाने प्रथिन लागते. लोवरीच्या पद्धतीस त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. येथे आधी अल्कधर्मी ताम्रद्रावण मिसळून सुमारे दहा मिनिटे थांबावयाचे व मग फोलिनचे द्रव्य घालावयाचे. हे द्रव्य अल्कधर्मी द्रावणात क्षणभरच कार्यक्षम राहते. म्हणून ते घालताच नळी त्याच क्षणी हलविली पाहिजे. दहा नळ्यांत एका दमाने द्रव्य टाकून मग सावकाश हलवीत बसणाऱ्या विद्यार्थ्याचे आकडे वेडेवाकडे येतात, आणि तो दोष यंत्राला देतो.

या पद्धतीतील निळा रंग मुख्यतः टायरोसीन व ट्रिप्टोफॅन या दोन मण्यांवर अवलंबून असतो. म्हणून अंड्याचे अल्ब्युमिन व जिलेटिन अगदी सारख्या वजनाने घेतले तरी जिलेटिनचा रंग स्पष्टपणे कमी येतो. कारण जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन मुळीच नाही आणि टायरोसीन नाममात्र आहे. तराजू म्हणतो दोन्ही सारखे. नळी म्हणते एक कमी. यांत खोटे कोण? कोणीच नाही. तराजूने वजन सांगितले, नळीने दोन विशिष्ट मण्यांची हजेरी सांगितली. येथे पोषणशास्त्राचाही एक धडा आपोआप हाती येतो. ट्रिप्टोफॅन शरीराला स्वतः बनविता येत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. म्हणून केवळ जिलेटिनवर प्राणी जगू शकत नाही, मग ते कितीही खाल्ले तरी. प्रथिनाचे प्रमाण ही एक गोष्ट व त्याचा कस ही दुसरी. तांदूळ व गहू यांत लायसीन कमी, डाळींत ते भरपूर. डाळींत मेथिओनीन कमी, ते धान्य भरून काढते. वरणभात किंवा खिचडी ही जोडी घराघरांत रूढ आहे, तिच्यामागे ही भरपाई आहे.

तिसरी पद्धत रंगद्रव्याची, आणि येथे बडोद्याच्या जुन्या इतिहासाची आठवण होते. लोकर व रेशीम हे तंतू प्रथिनाचे, कापूस हा सेल्युलोजचा. आम्लधर्मी रंग लोकरीवर व रेशमावर पक्का बसतो, कापसावर बसत नाही. रंगाऱ्याच्या विद्येतील ही अगदी प्राथमिक गोष्ट. असाच लोकरीसाठी बनविलेला ‘कूमासी’ या व्यापारी नावाचा निळा रंग पुढे प्रयोगशाळेत आला. हे नाव आफ्रिकेतील आजच्या घाना देशातील कुमासी शहरावरून पडलेले आहे. १९६३ साली या रंगाने प्रथिनांचे पट्टे रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध झाली, आणि १९७६ साली मेरियन ब्रॅडफर्ड यांनी त्याचाच उपयोग करून प्रथिन मोजण्याची सुटसुटीत रीत दिली. आम्लात हा रंग तपकिरी दिसतो; प्रथिनास चिकटताच निळा होतो. पाच मिनिटांत काम होते. जो रंग लोकरीच्या धाग्यावर बसतो तोच नळीतील प्रथिनावर बसतो, कारण दोन्ही ठिकाणी वस्तू एकच. कलाभवनातील रंगशाळा व जीवरसायनाची प्रयोगशाळा यांच्यामधील अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

परंतु हा निळा रंगही फसवितो. तो मुख्यतः आर्जिनीन या मण्याशी जुळतो, म्हणून येथेही जिलेटिन कमी भरते. शिवाय कपडे धुण्याच्या भुकटीत असतात तशी मलनिवारक द्रव्ये या परीक्षेत ढवळाढवळ करतात. घाईने धुतलेल्या व नीट न खंगाळलेल्या नळीत साबणाचा अंश राहिला, तर रंग बदलतो आणि आकडा बिघडतो. अशा वेळी विद्यार्थ्याने काय पाहिले? त्याने प्रथिन पाहिले नाही. स्वतःचा आळस पाहिला.

यावर उपाय एकच, आणि तो चौथ्या नळीत आहे. त्या नळीत नुसते पाणी होते. अनेक विद्यार्थ्यांना ती निरर्थक वाटते. पाण्याची परीक्षा करून काय मिळणार, असे ते विचारतात. वस्तुतः चारांत सर्वांत मोलाची नळी तीच. तिच्यात रंग आला तर तो नळीचा, पाण्याचा किंवा द्रव्याचा असला पाहिजे. प्रथिनाचा असू शकत नाही. जेवढा रंग तेथे आला तेवढा इतर नळ्यांतून वजा केला पाहिजे. तिच्या शेजारी दुसरी एक नळी हवी, जिच्यात ठाऊक असलेले प्रथिन ठाऊक असलेल्या प्रमाणात घातलेले आहे. तिच्यात रंग आला नाही, तर द्रव्य जुने झाले आहे किंवा कृती चुकली आहे. एक नळी खोट्या होकारापासून वाचविते, दुसरी खोट्या नकारापासून. या दोन पहारेकऱ्यांवाचून मिळालेले उत्तर कितीही सुंदर दिसले तरी ते उत्तर नव्हे.

२०२० नंतरच्या साथीत घरोघर वापरल्या गेलेल्या कोरोनाच्या चाचणीपट्टीत हाच नियम छापलेला होता. ती पट्टी विषाणूचे प्रथिन ओळखीत असे. तिच्यावर एक रेघ रोगाची व दुसरी पडताळणीची होती. पडताळणीची रेघ उमटली नाही तर चाचणी बाद समजावी, अशी सूचना सोबतच्या कागदावर असे. लक्षावधी लोकांनी ती सूचना पाळली. प्रयोगशाळेतील एक मूलभूत तत्त्व आपण पाळीत आहोत, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असेल.

मोजणीचा पुढचा टप्पा आलेखाचा. ठाऊक प्रमाणाच्या पाचसहा नळ्या करून प्रत्येकीचा रंग कलरीमीटरवर वाचावयाचा व ते बिंदू कागदावर मांडून रेघ काढावयाची. मग अज्ञात नळीचा आकडा त्या रेघेवरून उतरवून घ्यावयाचा. समजा, दूध पन्नास पट विरल केले, त्यातील ०.२ मिलिलिटर नळीत घेतले, आणि रेघेवरून ४८ मायक्रोग्रॅम प्रथिन निघाले. तर विरल द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये २४० मायक्रोग्रॅम, आणि मूळ दुधात त्याच्या पन्नास पट, म्हणजे १२ मिलिग्रॅम झाले. हिशेब साधा आहे. परंतु गाईच्या दुधात दर मिलिलिटरला साधारणतः ३० ते ३५ मिलिग्रॅम प्रथिन असते, हे ज्यास ठाऊक आहे तो येथे थबकेल. दुधात पाणी आहे काय? विरल करताना चूक झाली काय? की नळीतील रंग रेघेच्या सरळ भागापलीकडे गेला होता? प्रमाण वाढत गेले की रंग त्याच चालीने वाढत नाही व रेघ वाकते. अशा ठिकाणी पट्टीने रेघ पुढे ओढून आकडा काढणे हा गुन्हा समजला पाहिजे. द्रावण आणखी विरल करून पुन्हा वाचणे हाच सरळ मार्ग.

आणि येथेच विद्यार्थ्याच्या सचोटीची परीक्षा होते. सहा बिंदूंपैकी पाच रेघेवर बसले व एक बाजूला पडला, तर तो बिंदू हळूच रेघेवर आणून ठेवण्याचा मोह मोठा असतो. कारण जर्नलवर सही हवी असते आणि घड्याळ पुढे सरकत असते. जो अध्यापक केवळ सरळ रेघेला गुण देतो, तो नकळत याच मोहाला खतपाणी घालतो. बाजूला पडलेला बिंदू तसाच दाखवून, तो का पडला असावा याचे दोन ओळींत कारण लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास अधिक गुण मिळाले पाहिजेत. हाच विद्यार्थी उद्या औषधांच्या कारखान्यात, रुग्णालयात किंवा दुग्धालयात जाणार आहे. तेथे बिंदू सरकविण्याची किंमत गुणांत मोजली जात नाही.

ती किंमत काय असू शकते, हे जगाने २००८ साली चीनमध्ये पाहिले. दुधातील व अन्नातील प्रथिन मोजण्याची प्रस्थापित रीत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली घालून दिलेली आहे. तीव्र गंधकाम्लात पदार्थ उकळून त्यातील सर्व नत्राचा अमोनिया करावयाचा, तो मोजावयाचा, आणि नत्राच्या आकड्यास ठराविक गुणकाने गुणून प्रथिन काढावयाचे. सर्वसाधारण अन्नासाठी तो गुणक ६.२५, दुधासाठी ६.३८. रीत उत्तम व विश्वासार्ह. पण ती नत्र मोजते, प्रथिन नव्हे. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळणाऱ्यांनी नेमका हाच फरक हेरला. मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नत्र असते. म्हणून त्याचा एक ग्रॅम या हिशेबात सुमारे सव्वाचार ग्रॅम ‘प्रथिन’ म्हणून मोजला जातो. आकडे सुरेख आले, आणि त्या दुधाची भुकटी तान्ह्या मुलांच्या तोंडी गेली. मुलांच्या मूत्रपिंडांत खडे झाले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली व निदान सहा मुले दगावली.

या दुर्घटनेत केल्डालच्या रीतीचा दोष नव्हता. तिला जो प्रश्न विचारला तिचे उत्तर तिने अचूक दिले. दोष लबाडी करणाऱ्यांचा तर होताच. शिवाय नत्राचा आकडा म्हणजेच प्रथिनाचा आकडा, असे डोळे मिटून मानण्याच्या सवयीचाही होता. दुधात ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल घालून प्रथिनाचा साका आधी वेगळा काढला व त्या साक्यातीलच नत्र मोजला, तर मेलामाइन द्रावणात मागे राहते आणि बनाव उघडकीस येतो. लघवीच्या नळीत ॲसेटिक आम्लाचे थेंब जे काम करतात, तेच हे काम. बडोद्याच्या शेजारीच आणंद आहे. १९४६ साली तेथे खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला, आणि आजही त्या भागातील असंख्य कुटुंबांचा संसार दुधावर चालतो. अशा प्रदेशातील विद्यार्थ्याला हा प्रयोग केवळ परीक्षेपुरता नाही, हे वेगळे सांगावयास नको.

‘किती’ याच्याही पुढे ‘कोणते’ हा प्रश्न आहे. त्यासाठी प्रथिने एकमेकांपासून वेगळी करावी लागतात. लेम्ली यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने मलनिवारक द्रव्य घालून प्रथिनांच्या घड्या उलगडतात, त्यांना ऋण विद्युद्‌भार देतात व पॉलिॲक्रिलामाइडच्या पातळ थरातून विजेच्या दाबाने धन टोकाकडे नेतात. लहान साखळ्या पुढे पळतात, मोठ्या मागे रेंगाळतात. मग तो कूमासीचा निळा रंग देऊन थर धुतला की शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागतात. हे दृश्य प्रथम पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्याजोगा असतो. परंतु पट्टा योग्य उंचीवर दिसला म्हणून तो हवे तेच प्रथिन आहे असे सिद्ध होत नाही. एकाच वजनाची प्रथिने अनेक असतात. नेमकी ओळख पटविण्यास त्या प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड लागते, व अशी पद्धत १९७९ साली पुढे आली. तेथेही पुन्हा तोच पहारा हवा: प्रथिन निश्चित असलेला नमुना एका बाजूस, निश्चित नसलेला दुसऱ्या बाजूस. साधने महाग होत गेली. नियम मात्र चौथ्या नळीचाच राहिला.

रामकृष्णन दांपत्याचे पुत्र वेंकटरामन हे बडोद्यासच लहानाचे मोठे झाले आणि १९७१ साली याच विद्यापीठातून पदार्थविज्ञानाचे पदवीधर झाले. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली त्यांना इतर दोघांसमवेत रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शहरास या गोष्टीचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. तथापि प्रयोगशाळेत शिकणाऱ्या शेकडो मुलामुलींपैकी बहुतेकांना असा मान मिळणार नाही. त्यांच्या वाट्याला येईल ते रोजचे काम. कोणी दुधाचा नमुना तपासील, कोणी लसीच्या कुपीतील प्रथिन मोजील, कोणी रुग्णालयात लघवीची पट्टी वाचील.

त्या पट्टीसंबंधी एक गोष्ट अखेरीस सांगितली पाहिजे. आज ज्योतीवर नळी तापविण्याऐवजी बहुतेक ठिकाणी रंगीत कागदी पट्टी लघवीत बुडवितात. ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. अस्थिमज्जेच्या एका कर्करोगात लघवीतून जाणारे प्रथिन वेगळेच असते, आणि पट्टी त्याबाबत बहुधा गप्प राहते. सल्फोसॅलिसिलिक आम्ल घातले तर मात्र तीच लघवी गढूळ होते. पट्टीवर रंग आला नाही एवढ्यावर समाधान मानून ‘प्रथिन नाही’ असे लिहिणारा, आणि ‘या पट्टीस अल्ब्युमिन आढळले नाही’ असे समजून रुग्णाच्या इतर लक्षणांकडे पाहत दुसरी परीक्षा सुचविणारा, या दोघांच्या हाती साधन एकच असते. त्या दोघांतील अंतर कॉलेजच्या मेजावरच्या चार नितळ नळ्यांपाशी पडलेले असते.